ॲश काउंटीतलं घराणं शोधताना: नावाआधी जमीन

माझ्या धाकट्या मुलीचं सासर नॉर्थ कॅरोलिनातलं. विहीणबाई ॲश काउंटीच्या, म्हणजे राज्याच्या पार वायव्य कोपऱ्यातल्या. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा.) उत्तरेला व्हर्जिनिया, पश्चिमेला टेनेसी आणि मध्ये ब्लू रिजचे डोंगर. नातू शाळेतून वंशवृक्षाचा कागद घेऊन आला, तेव्हा आमच्या बाजूच्या पिढ्या मी कुळवृत्तांत उघडून दहा मिनिटांत भरल्या. विहीणबाईंच्या बाजूला मात्र पणजोबांच्या पलीकडे कागद कोराच राहिला. "आमच्यात कुणी लिहून ठेवलंच नाही," त्या म्हणाल्या.

पुढची चार वर्षं मी त्या कोऱ्या जागेसाठी खर्च केली. आज खात्रीने सांगते, त्यांच्याकडे खूप लिहून ठेवलं होतं. पण ते घराण्याच्या नावाने एका ठिकाणी नव्हतं. ते खरेदीखतांत होतं, जामिनाच्या कागदांत, वारसांच्या भांडणांत आणि चर्चच्या सभांच्या टिपणांत होतं. तिथे कुळवृत्तांत नाही आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्याही नाहीत, पण कोर्टहाऊस, म्हणजे काउंटीची कचेरी, आहे. ज्यांच्या घरी अमेरिकन सून-जावई आहेत, ज्यांच्या नातवंडांची एक बाजू अशा एखाद्या डोंगरी काउंटीतून येते, त्यांच्यासाठी ही वाट जशी मला सापडली तशी मांडते आहे. उदाहरणं ॲशची आहेत, पण ॲपलाचियाच्या डोंगरपट्ट्यातल्या बहुतेक काउंट्यांना ही रीत लागू पडते.

कुटुंब जागचं हलत नाही, काउंटी हलते

अमेरिकेत घराण्याचा शोध राज्यावर किंवा गावावर चालत नाही, तो काउंटीवर चालतो. जमीन, लग्न, मृत्युपत्र, वारस, कर या सगळ्याची दप्तरं काउंटीच्या मुख्य ठिकाणी. म्हणून पहिला प्रश्न "आडनाव काय?" हा नसून "त्या वर्षी ती जागा कोणत्या काउंटीत होती?" हा आहे.

ॲश काउंटी १७९९ मध्ये विल्क्समधून निघाली. विल्क्सचा जो भाग डोंगरधारेच्या पश्चिमेला होता तो वेगळा काढला आणि त्याला गव्हर्नर सॅम्युअल ॲश यांचं नाव दिलं. त्याआधीची साखळी अशी:

- ब्लेडन, १७३४
- ॲन्सन, १७५० (ब्लेडनमधून)
- रोवन, १७५३ (ॲन्सनमधून)
- सरी, १७७१ (रोवनमधून)
- विल्क्स, १७७८ (मुख्यतः सरीमधून)
- ॲश, १७९९ (विल्क्समधून)

पुढे १८४९ मध्ये ॲशचा काही भाग वटॉगा काउंटीत गेला आणि १८५९ मध्ये पूर्वेचा भाग तोडून ॲलेघेनी झाली. आता विचार करा. १७७५ च्या सुमारास न्यू रिव्हरच्या काठी कुणी झोपडी बांधली आणि ते घराणं शंभर वर्षं तिथून हललंच नाही, तरी त्यांचे कागद सरी, विल्क्स, ॲश आणि ॲलेघेनी अशा चार दप्तरांत विखुरलेले असतील. जुनी दप्तरं मूळ काउंटीतच राहतात, नव्या काउंटीबरोबर जात नाहीत. विहीणबाईंचे एक पूर्वज "१८६० मध्ये ॲलेघेनीला स्थलांतरित झाले" असं एका ऑनलाइन वंशवृक्षात लिहिलेलं होतं. माणूस कुठेही गेला नव्हता. त्याच्या अंगणावरून सीमारेषा गेली होती.

सीमेपलीकडेही पाहायचं. उत्तरेला व्हर्जिनियाची ग्रेसन काउंटी (१७९३), पश्चिमेला टेनेसीची जॉन्सन काउंटी (१८३६). इथल्या ओढ्यांना आणि लग्नांना राज्याची हद्द कधी आडवी आली नाही. ती हद्द १७४९ मध्ये जोशुआ फ्राय आणि पीटर जेफरसन यांनी मोजत मोजत या डोंगरांपर्यंत आणली. पीटर म्हणजे थॉमस जेफरसन यांचे वडील, आणि ॲशचं मुख्य गाव जेफरसन हे त्या मुलाच्या नावाचं.

शोध सुरू करण्याआधी भिंतीवर लावता येईल असा एक तक्ता करा: डावीकडे वर्षं, उजवीकडे त्या वर्षीची काउंटी. मी हा तक्ता दुसऱ्या वर्षी केला. पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

घरातून सुरुवात, आणि तीही लगेच

म्हाताऱ्या माणसांशी बोलून घ्या, हे सगळेच सांगतात. मी एवढंच जोडते की तारखा विचारू नका, जागा विचारा. "तुमच्या आजीचं माहेर कोणत्या ओढ्यावर होतं?" या प्रश्नाला विहीणबाईंनी क्षणात उत्तर दिलं. आजीचं जन्मसाल त्यांना आजही माहीत नाही. डोंगरात पत्ता म्हणजे ओढा. दस्तांतही ओढ्याचंच नाव येतं, त्यामुळे ते एक नाव पुढे शंभर ठिकाणी उपयोगी पडतं.

घरातलं बायबल मागून घ्या. जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये जन्म, लग्न, मृत्यूची पानं असतात. आधी बायबल कोणत्या साली छापलं ते बघा. छपाई १८७१ ची आणि पहिली नोंद १८२० ची असेल, तर ती आठवणीतून किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवलेली आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या दिसल्या तरी तोच अर्थ.

जे मिळेल त्याचे फोटो त्याच दिवशी काढा. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पुरात ॲशमधलं लॅन्सिंग गाव पाण्याखाली गेलं. १९१६ आणि १९४० च्या पुरांनीही हा भाग असाच धुऊन नेला होता. अशा पुरानंतर अंगणात वाळत घातलेले, एकमेकांना चिकटलेले फोटो ज्याने पाहिलेत तो "पुढच्या खेपेला स्कॅन करू" म्हणणार नाही.

सरकारी दाखले आणि जनगणना: मागे मागे जात

नॉर्थ कॅरोलिनात जन्ममृत्यूची राज्यभर नोंद १९१३ पासून. मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही असतं. पण माहिती देणारा कोण, तो रकाना आधी वाचा. सासऱ्याच्या आईचं नाव जावयाने सांगितलं असेल तर ते ऐकीव धरा. आणखी एक चांगला कागद म्हणजे उशिराने नोंदवलेला जन्मदाखला. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानंतर पेन्शनसाठी वयाचा पुरावा लागू लागला, तेव्हा १८८०-९० मध्ये जन्मलेल्या कितीतरी माणसांनी म्हातारपणी स्वतःचा जन्म नोंदवला. पुरावा म्हणून बायबलचं पान, शेजाऱ्याची शपथ, विम्याचा कागद जोडला.

जनगणना दर दहा वर्षांनी, १७९० पासून. नावं ७२ वर्षांनी खुली होतात, म्हणून १९५० ची २०२२ मध्ये उघडली. तिथून मागे चला. उड्या मारू नका, प्रत्येक दशकात त्या कुटुंबाला गाठा.

१९०० ची जनगणना माझी सगळ्यात आवडती. त्यात जन्माचा महिना आणि साल आहे, लग्नाला किती वर्षं झाली ते आहे, आणि बाईला एकूण मुलं किती झाली व त्यांतली किती हयात आहेत हेही विचारलंय. विहीणबाईंच्या पणजीपुढे लिहिलंय: अकरा, सहा. ती उरलेली पाच मुलं नंतर मला एका टेकडीवर सापडली, ते पुढे येईलच. १८९० ची जनगणना नाही. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीनंतर ती जवळजवळ सगळी गेली. त्यामुळे १८८० ते १९०० ही वीस वर्षांची खिंड करयाद्या आणि दस्तांवरून पार करावी लागते. १८८० मध्ये पहिल्यांदा कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलंय. १८५० ते १८७० मध्ये नातं नाही, नुसती नावं आणि वयं. तिथे घरातली स्त्री बायको असेलच असं नाही, विधवा बहीणही असू शकते. आणि १८४० व त्याच्या मागे फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी सगळी माणसं वयोगटांच्या रकान्यात काठ्या मारल्यासारखी.

१८५० ते १८८० च्या शेतीच्या वेगळ्या याद्या चुकवू नका. गाई किती, मका किती बुशेल, लोणी किती पौंड, सगळं त्यात आहे. एका घराण्याची नुसती नावं होती, ती या याद्यांमुळे माणसं झाली.

नावं ओळखणं

पॉली म्हणजे मेरी. पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, पेगी म्हणजे मार्गारेट. हे माहीत नसेल तर कागदावर एकाच बाईच्या दोन वेगळ्या बाया होतात. आपल्याकडे पाळण्यातलं नाव एक, हाक मारायचं दुसरं आणि सासरचं तिसरं असतं, त्यामुळे आपल्याला हे जड जाऊ नये.

आजोबांचं नाव नातवाला देण्याची रीत तिथेही होती. म्हणून एका खोऱ्यात एकाच पिढीत एकाच नावाचे चार चुलतभाऊ सापडतात. त्यांना वेगळं ओळखण्यासाठी कारकून सीनियर, ज्युनियर लिहायचा, पण त्याचा अर्थ बाप आणि मुलगा असा धरू नका. गावातला थोरला आणि धाकटा, एवढाच. काका-पुतणे असतील, किंवा काही नातंच नसेल. जुन्या कागदांत ऑर्फन म्हणजे बाप गेलेलं मूल, आई हयात असली तरी. इन्फंट म्हणजे तान्हं बाळ नव्हे, एकवीस वर्षांखालचं कुणीही. डॉटर-इन-लॉ कधीकधी सून नसून सावत्र मुलगी असते. या एका शब्दावरून मी सहा महिने चुकीच्या घरात फिरले.

आडनावांची स्पेलिंग कारकुनाच्या कानावर. फिलाडेल्फियाला उतरून ग्रेट वॅगन रोडने दक्षिणेला आलेल्या जर्मनांचे वेबर हे वीव्हर झाले, म्यूलर हे मिलर. "एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कचं स्थलांतरितांचं केंद्र) अधिकाऱ्याने नाव बदललं" ही कथा या डोंगरात टिकत नाही. ते केंद्र १८९२ मध्ये उघडलं, ही माणसं त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं इथे आलेली होती.

जमीन: खरी वही

आता मुख्य काम. चार वर्षांत मला जे मिळालं त्यातलं निम्म्याहून जास्त जमिनीच्या कागदांनी दिलं, आणि नव्याने सुरुवात करणारे नेमके हेच कागद शेवटी बघतात.

काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सच्या कार्यालयात खरेदीखतांची पुस्तकं असतात. दोन सूची, एक देणाऱ्यांची आणि एक घेणाऱ्यांची. तुमच्या आडनावाचे सगळे दस्त दोन्ही सूच्यांतून काढा, अगदी शेवटच्यापर्यंत. बरीच पुस्तकं सॉल्ट लेक सिटीच्या फॅमिलीसर्च संस्थेने स्कॅन केली आहेत आणि ती फुकट पाहता येतात. २०२४ पासून तिथे हस्ताक्षर वाचून संपूर्ण मजकुरात शोध घेण्याची सोय आली, आणि त्याने खेळच बदलला. आता तुमचा माणूस विकणारा किंवा घेणारा नसून नुसता साक्षीदार असला, किंवा "अमक्याच्या बांधाला लागून" एवढ्यापुरता आला, तरी सापडतो.

दस्त वाचताना चतुःसीमा वाचायची. इथल्या जमिनीला चौकोनी गट नाहीत. मजकूर साधारण असा: ओढ्याकाठच्या चेस्टनटपासून उत्तर ४० अंश पूर्व, ६० पोल, पांढऱ्या ओकपर्यंत. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, चार पोलांची एक साखळी, म्हणजे ६६ फूट. हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी थांबलेच. दोन पोल म्हणजे ३३ फूट, आणि ३३ बाय ३३ म्हणजे आपला गुंठा. एक चौरस साखळी म्हणजे चार गुंठे, दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. इंग्रजांची तीच मोजणी न्यू रिव्हरलाही गेली आणि कृष्णेच्या काठीही आली. सातबारा वाचणाऱ्या घरातल्या माणसाला ॲशचा दस्त परका वाटायचं कारण नाही.

प्रत्येक दस्ताची चतुःसीमा आलेखाच्या कागदावर काढा. सोपं आहे: कोनमापक, पट्टी, आणि एक सेंटिमीटर बरोबर वीस पोल असं काही प्रमाण. आकृती बंद झाली नाही तर नकलणाऱ्याने एखादी बाजू गाळली आहे. मग शेजाऱ्यांच्या जमिनी काढा आणि कातरून जुळवा. जुन्या दिशा आजच्या नकाशाशी काही अंशांनी फिरलेल्या असतात, कारण होकायंत्राची उत्तर काळाबरोबर सरकते. खुणेची झाडंही शोधू नका. १९०४ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा दिसलेल्या रोगाने १९४० च्या सुमारापर्यंत या डोंगरांतले चेस्टनट संपवले होते. ओढे आणि कडे मात्र जागेवर आहेत.

हा खटाटोप का? कारण आमच्याकडे एकाच नावाचे दोघे होते, दोघे ॲशमध्ये, दोघे १८३० ते १८५० च्या काळात. जनगणना त्यांना वेगळं करू शकत नव्हती. जमीन नकाशावर ठेवली तेव्हा एक न्यू रिव्हरच्या नॉर्थ फोर्कवर (उत्तरेकडच्या फाट्यावर) निघाला आणि दुसरा साउथ फोर्कवर. एकाच्या विक्रीखतात बायको नॅन्सी, दुसऱ्याच्यात रिबेका. ऑनलाइन वंशवृक्षांत या दोघांची मुलं एकत्र करून एक बाप बनवला होता, आणि त्यात आई-मुलात सहा वर्षांचं अंतर पडलं होतं तरी कुणी थबकलं नव्हतं.

बायकोचं नाव दस्तात येतं त्यालाही कारण आहे. नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा हक्क असायचा. म्हणून जमीन विकताना बायकोचा हक्क गुंतलेला असेल तर तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, स्वखुशीने हक्क सोडतेस का, असं विचारून तसं लिहीत. कायद्याच्या या सावधगिरीमुळे कितीतरी बायकांची नावं वाचली आहेत.

याच्याही मागे सरकारी अनुदानाचे कागद असतात. १७७८ पासून राज्याने पडीक जमिनी दिल्या, त्याच्या पायऱ्या चार: अर्ज, मोजणीचा हुकूम, मोजणी, शेवटी सनद. मोजणीच्या नकाशाखाली साखळी धरणाऱ्या दोघांची नावं असतात. ती कधीही वाचल्याशिवाय सोडू नका. साखळी ओढायला लोक घरचीच पोरं नेत, त्यामुळे तिथे मुलगा, जावई किंवा मेहुणा सापडतो. हे मूळ कागद रॅलीच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि त्यांतले पुष्कळसे ऑनलाइनही आहेत.

एक सूचना: दस्त लिहिल्याची आणि नोंदवल्याची तारीख वेगळी असते, कधी तर वीस-पंचवीस वर्षांनी. कोर्टहाऊस लांब होतं आणि फी लागायची. बाप गेल्यावर भावांत कुरबुर झाली की पेटीतला कागद बाहेर यायचा. म्हणून माणूस मेल्यानंतरची पुस्तकंही चाळा.

वारसांचे कागद

मृत्युपत्र मिळालं तर छान, पण डोंगरातले बहुतेक शेतकरी मृत्युपत्र न करताच गेले, आणि संशोधकाला खरंतर तेच बरं. मृत्युपत्रात बाप एखाद्या मुलाला वगळू शकतो. वाटपाच्या अर्जात कोर्ट सगळ्या वारसांची नावं मागतं: लग्न झालेल्या मुली त्यांच्या नवऱ्यांसह, मेलेल्या मुलाची लेकरं, आणि कुणी टेनेसीला किंवा मिझुरीला गेला असेल तर तेही. विहीणबाईंच्या खापरपणजोबांचे आठ भाऊबहीण मला अशाच एका अर्जाच्या एका पानात सापडले. त्याआधी मला तिघेच माहीत होते.

हे सुटे कागद सूचीत नीट येत नाहीत. घरातल्या भांडीकुंड्यांच्या लिलावाची यादीही वाचा. कोणी किटली घेतली, कोणी चरखा. विधवा स्वतःच्याच घरातली चूल विकत घेताना दिसते. विकत घेणारे बहुतेक नातेवाईक आणि शेजारीच असतात.

लग्न आणि चर्च

१७४१ ते १८६८ या काळात लग्नाआधी नवरदेवाला एका जामिनासह बंधपत्र लिहून द्यावं लागे. वधूच्या आईवडिलांची नावं त्यात नसत, पण जामीन राहणारा बहुधा तिचा बाप किंवा भाऊ असे. बंधपत्र हा लग्न ठरल्याचा पुरावा आहे, लागल्याचा नाही. चर्चमध्ये तीनदा जाहीर घोषणा करून लग्न केलं तर बंधपत्र लागतच नसे, त्यामुळे ते सापडलं नाही म्हणून लग्न झालं नाही असं मानू नका. ग्रेसन आणि जॉन्सन काउंट्यांतही शोधा.

इथली बहुतेक घरं बॅप्टिस्ट पंथाची. ते तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, म्हणून जन्माची वही नाही. त्यांच्याकडे आहेत मासिक सभांची टिपणं: कोण दुसऱ्या चर्चचं पत्र घेऊन आलं, कोणाला पत्र देऊन निरोप दिला, कोणाला दारू किंवा नाच यासाठी काढून टाकलं. निरोपाचं पत्र म्हणजे स्थलांतराची नेमकी तारीख.

ज्यांची नावंच लिहिली नाहीत

डोंगरात गुलाम नव्हते, असं तिथले काही लोक अजूनही म्हणतात. ते खरं नाही. समुद्राकडच्या मळ्यांपेक्षा संख्या कमी होती, पण ॲशमध्ये गुलामगिरी होती आणि ती कागदावर आहे. १८५० आणि १८६० च्या वेगळ्या याद्यांत मालकाचं नाव आणि त्याखाली माणसांची वयं, लिंग, वर्ण. नाव नाही. नावं सापडतात ती मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत, गाईबैलांच्या आधी किंवा नंतर, किमतीसह.

तुमच्या घराण्याच्या कागदांत अशी नावं आली तर ती सगळी उतरवून घ्या: नाव, वय, कोणाकडून कोणाकडे, पुस्तक आणि पान. १८७० च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा स्वतःच्या नावाआडनावाने येतात. त्यांच्या वंशजांचा १८७० आणि त्याआधीचा दुवा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या घराण्याच्या पेटीत असतो. १८६६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने, गुलामगिरीत एकत्र राहिलेल्या जोडप्यांना आपलं लग्न नोंदवायला सांगितलं. ज्या काउंट्यांच्या या वह्या उरल्या आहेत त्यांत ती दोघं किती वर्षं एकत्र आहेत तेही लिहिलंय. विहीणबाईंना हा भाग दाखवताना माझा हात थरथरला. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, हेही वंशवृक्षाच्या वहीत लिही.

चेरोकी पणजीची गोष्ट

या डोंगरातल्या जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं: आमची एक पणजी चेरोकी (इथल्या मूळनिवासी जमातीची) होती. ही जमीन चेरोकींच्या शिकारीची होती हे खरं, पण घरची गोष्ट पुराव्याशिवाय लिहू नका. चेरोकींना मिळायच्या नुकसानभरपाईसाठी १९०६ पासून अर्ज आले, ४५ हजारांहून जास्त. कोर्टाने नेमलेले आयुक्त गायन मिलर यांनी त्यांची छाननी केली आणि मोठा भाग नामंजूर झाला. नामंजूर अर्जही वाचाच. अर्जदाराने आजी-आजोबा, काका, मावश्या सगळ्यांची नावं आणि गावं लिहून दिलेली असतात. दावा खरा न ठरो, वंशावळ हाती लागते.

टेकडीवर जाणं आणि डीएनए

दफनभूमी चर्चपाशीच असेल असं नाही. प्रत्येक घराण्याची स्वतःची, शेताच्या वरच्या टेकडीवर असते. पाय पूर्वेकडे. पुष्कळ खुणा म्हणजे नुसते उभे रोवलेले रानदगड, अक्षर नसलेले. जमीन आता परक्याची असेल तर परवानगी मागा. नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा वंशजांना थडग्यांपर्यंत जाण्याची वाट देतो, पण दारात जाऊन नीट बोललं की बहुतेक मालक स्वतः वाट दाखवायला येतात. उशिरा हिवाळ्यात जा, गवत आणि साप दोन्ही नसतात. दगडावर खडू किंवा साबणाचा फेस लावू नका. मऊ ब्रश, साधं पाणी, आणि आरशाने बाजूने पाडलेला उजेड पुरतो.

पणजीच्या दगडाजवळ आम्हाला एका ओळीत पाच लहान रानदगड दिसले. अकरा, सहा.

डीएनए चाचणी शेवटी करा, आधी नको. या खोऱ्यांत पिढ्यान्पिढ्या त्याच सात-आठ घरांत सोयरीक झाली, त्यामुळे जुळणीचे आकडे फुगतात आणि चौथा चुलतभाऊ (पाच पिढ्यांमागे एक पूर्वज असलेला) दुसरा (तीन पिढ्यांमागे एक पूर्वज असलेला) वाटतो. उलट, खऱ्या तिसऱ्या चुलतभावांतही दहातल्या एखाद्या जोडीत जुळणी दिसतच नाही. कागदावरचा विशिष्ट प्रश्न हातात असेल तेव्हाच चाचणी कामाची.

पुढे गेलेल्या शाखाही शोधा. १९३० च्या मंदीत ॲशमधून कितीतरी कुटुंबं मेरीलँड-पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर कामासाठी गेली. १९१६ मध्ये लॅन्सिंगजवळ जन्मलेल्या लोकगायिका ओला बेल रीड यांचं घर त्यातलंच. जुनी बायबलं आणि फोटो बहुतेक अशा गेलेल्या घरांतच उरतात.

लिहून ठेवणं

प्रत्येक वाक्यापुढे पुस्तक, पान आणि काउंटी लिहा. "बहुधा" असेल तिथे बहुधा लिहा, आणि का ते एका ओळीत सांगा. एक प्रत घरात, एक जेफरसनमधल्या १९०४ च्या जुन्या कोर्टहाऊसमध्ये असलेल्या काउंटी इतिहास संग्रहालयाला देऊ करा. एक वेगळी वही न सुटलेल्या प्रश्नांची ठेवा. आमच्या त्या वहीच्या पहिल्या पानावर नॉर्थ फोर्कवरच्या माणसाची नॅन्सी आहे. तिचं माहेर अजून सापडलेलं नाही. पण १८२६ च्या एका मोजणीत तिच्या नवऱ्याची साखळी धरणारा एक परका पोरगा आहे, ज्याचं आडनाव त्या ओढ्यावर दुसऱ्या कुणाचंच नाही. एप्रिलमध्ये आम्ही दोघी विहिणी ग्रेसन काउंटीच्या कोर्टहाऊसला त्याच्यासाठी जाणार आहोत.